हॅन्ड मिक्सर गिफ्ट द्यायचाय तर वॅटच्या आकड्यावर जाऊ नका

लग्नसराई जवळ आली नाहीतर दिवाळी तोंडावर आली की आमच्याकडं एक प्रश्न ठरलेला असतोय, वैनीनं केक करायला सुरू केलंय, तिला बीटर द्यायचाय, ३०० वॅटचा घेऊ की ४०० चा? मी बेळगावच्या उद्यमबागेत मोटरी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं काम करतो, जास्त करून शेतातल्या पंपाच्या, पण घरगुती मिक्सर, ड्रिल, ग्राइंडर असलं पण येत राहतंय, त्यामुळं पाहुण्यांना वाटतंय की कुठला मिक्सर चांगला हे मला तोंडपाठ असणार. कंपनीचं नाव सांगून टाकणं सोपं आहे ओ, पण त्याचा उपयोग नाही, कारण त्याच कंपनीचा तोच मॉडेल एका घरात वर्षानुवर्षं चालतोय आणि दुसऱ्या घरात पहिल्याच नाताळाला जळतोय. असं का होतंय ते कळलं की दुकानात काय बघायचं ते आपोआप कळतंय, म्हणून आधी ते सांगतो, मग खरेदीचं.

आणि त्याच्याही आधी एक, दुकानात जाऊन नुसतं मिक्सर मागितलं तर चटणीचा मिक्सर-ग्राइंडर पुढं येणार, हॅन्ड ब्लेंडर म्हटलं तर दांड्यासारखं उभं मशीन ज्याच्या टोकाला पातं असतंय, सूप नि लस्सीवालं. आपण बोलतोय ते इस्त्रीसारखी मूठ असलेलं आणि खाली दोन जाळीदार बीटर लटकणारं. ते कापत नाही, फेटतंय, म्हणजे पदार्थात हवा भरतंय. आईला ताक करायला सोपं पडेल म्हणून कोणी हे घेऊन देणार असाल तर नका देऊ, पातळ ताक त्यात चारी बाजूला उडतंय आणि दुसऱ्या दिवशी ती परत रवीच काढणार. ज्या घरात केक, क्रीम, अंडी, साईचं लोणी, श्रीखंड असलं काहीतरी नेहमी होतंय तिथं ह्याचं काम आहे.

आता आतमध्ये काय असतंय ते. बहुतेक हॅन्ड मिक्सरमध्ये युनिव्हर्सल मोटर असती, चटणीच्या मिक्सरमध्ये, ड्रिलमध्ये असती तीच जात, फक्त लहान. ही मोटर आकाराच्या मानानं जोर भरपूर देती आणि पळती पण भयंकर, मिनिटाला १०-१५ हजार फेऱ्या सहज. एवढ्या वेगानं बीटर फिरवले तर क्रीम भिंतीवर जाईल, म्हणून मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे पाडलेले असतात, त्याला वर्म म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही अंगाला एकेक दातेरी चक्र बसवलेलं असतंय. वर्म फिरला की दोन्ही चक्रं एकमेकांच्या उलट्या दिशेनं फिरतात आणि वेग उतरून हजाराच्या आसपास येतोय. एकच मोटर, दोन बीटर, एक सुलट एक उलट, आणि दोघांच्या पाकळ्या एकमेकांत शिरून फिरतात पण आपटत नाहीत. ह्यातनं एक गोष्ट निघती जी बऱ्याच घरांत माहीत नसती, दोन बीटर पुष्कळ मॉडेलमध्ये एकसारखे नसतात, एकाच्या मानेला कडं असतंय आणि ते ठराविक भोकातच बसवायचं असतंय. जबरदस्ती करून उलटे बसवले की खडखड करतात, वाकतात, चक्राचे दाते पण जाऊ शकतात. गिफ्ट देताना हे एवढं तोंडी सांगितलं तरी खूप झालं.

चक्रं बहुतेक नायलॉनसारख्या प्लॅस्टिकची असतात. ते बघून लोक नाक मुरडतात, अहो प्लॅस्टिकचे गिअर दिलेत म्हणून, पण त्यात तेवढं वाईट काही नाही. चांगल्या प्लॅस्टिकचा गिअर आवाज कमी करतो, ग्रीसवर वर्षानुवर्षं चालतो, आणि बीटर कशात अडकले तर आधी गिअर जातो आणि मोटर वाचती. लोखंडी गिअर असेल तर सगळा झटका मोटरवर. प्लॅस्टिक असण्यापेक्षा ते किती जाड आहे, दाते किती खोल आहेत हा खरा प्रश्न, पण ते दुकानात उघडून बघता येत नाही, म्हणून दुसऱ्या खुणा बघायच्या, त्या खाली येतील.

आता मुद्द्याचं. माझ्या टेबलावर जे मेलेले मिक्सर येतात त्यातले झिजून मेलेले कमी असतात, तापून मेलेले जास्त. वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरीत गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेवर वार्निशसारखा पातळ थर असतोय, एनॅमल म्हणतात, तोच तारेला तारेपासून वेगळा ठेवतोय. तो ठराविक तापमानापर्यंत टिकतोय, त्याच्या वर गेला की करपतो, तारा एकमेकींना शॉर्ट होतात, आणि मग तो ओळखीचा वास. म्हणजे टिकाऊ हॅन्ड मिक्सर म्हणजे कमी तापणारा, नाहीतर तापला तरी लवकर निवणारा. बाकी सगळं ह्याच्या मागनं येतंय.

मग तापतोय कशानं? मोटर फिरत असती तेव्हा ती आतल्या आत थोडी वीज उलट्या बाजूनं पण तयार करत असती, आणि ती उलटी वीज बाहेरनं येणाऱ्या करंटला लगाम घालती. मोटर जोरात फिरती तोवर लगाम घट्ट, करंट कमी. घट्ट पिठात बीटर अडकले, मोटर मंदावली, की लगाम सुटला, करंट चढला. आणि उष्णता करंटच्या पटीत वाढत नाही, करंटच्या वर्गाच्या पटीत वाढती, करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. त्यात अजून भर म्हणजे आतला गार हवेचा पंखा त्याच मोटरच्या दांड्यावर बसवलेला असतोय, मोटर मंदावली की पंखा पण मंदावला. म्हणजे ज्या वेळी जास्त तापायला लागतंय नेमकं त्याच वेळी वारा कमी. तिघंजण बसलेली स्कूटर चोर्ला घाटाच्या चढाला नेल्यावर इंजिनचं जे होतंय तेच हे, वेग नाही म्हणून वारा नाही, आणि जोर मात्र पूर्ण लावलेला.

ह्यातनं एक उलटं वाटणारं निघतंय. बायका काय करतात, मशीनला त्रास नको म्हणून घट्ट मिश्रण कमी स्पीडवर बराच वेळ फिरवत बसतात. मिसळायला सुरुवात कमीवरच करायची, नाहीतर मैदा तोंडावर येतोय, पण मिश्रण घट्ट आहे आणि आवाज खाली बसलाय, घुं घुं करतोय, तर त्याच स्पीडवर रेटत राहणं हे मोटरला सगळ्यात वाईट. एकतर स्पीड वाढवा, नाहीतर मिश्रण कमी करा, नाहीतर थांबा. आवाज ऐकायचा, बास. मोटर मोकळी गात असेल तर ठीक, रडत असेल तर थांबा.

ह्याच्यासाठीच कंपन्या वेळेची मर्यादा घालतात. माहितीपुस्तकात कुठंतरी बारीक अक्षरात असतंय की सलग इतकी मिनिटं चालवा, मग इतकी मिनिटं बंद ठेवा. युरोपातल्या मशीनच्या मागच्या पट्टीवर केबी लिहून पुढं मिनिटं असतात, त्याचा अर्थ हाच, सलग चालवायची कमाल वेळ. घरगुती हॅन्ड मिक्सरमध्ये ही वेळ साधारण दोनेक मिनिटांपासून पाच-दहा मिनिटांपर्यंत सापडती. आता बघा, अंडी आणि साखर फेटून स्पंजसाठी घट्ट फेस आणायचा तर पाच-सात मिनिटं सहज जातात, त्यामुळं दोन मिनिटंवालं मशीन तिथंच मार खातंय, आणि वापरणाऱ्याला वाटतंय मशीन भंगार आहे. दुकानात पुस्तक उघडून ही ओळ शोधा. वॅटच्या आकड्यापेक्षा ही ओळ मला जास्त खरी वाटती, कारण ती लिहिताना कंपनीला वॉरंटीची भीती असती, डब्यावरचा आकडा छापताना तसली भीती नसती.

मग वॅट म्हणजे काय? मशीन भिंतीतनं किती वीज ओढू शकतंय तो आकडा. बीटरला किती जोर मिळतोय तो नाही. २३० व्होल्टवर २५० वॅट म्हणजे साधारण १.१ अँपिअर, आणि त्यातला बराचसा हिस्सा मोटरच्या उष्णतेत, गिअरच्या घासण्यात, पंख्यात नि आवाजात जातोय. हलक्या प्रतीची मोटर ४०० वॅट खाऊन जे काम करती ते चांगली मोटर अडीचशेत करून दाखवती, आणि वरचे दीडशे वॅट कुठं गेले, तर मुठीखाली, जिथं हाताला चटका बसतोय तिथं. काही महागड्या हॅन्ड मिक्सरमध्ये डीसी मोटर असती आणि त्यांच्यावर १०० वॅटपेक्षा पण कमी आकडा लिहिलेला असतोय, तरी घट्ट बटर आरामात फेटतात. आमच्या एका पाहुण्यानं तसला डबा बघून परत ठेवला, म्हणाला हे काय ओ, बल्ब आहे काय. तर एकाच जातीच्या, एकाच किमतीच्या दोन मशीनमध्ये वॅटची तुलना थोडीफार चालती, पण २०० ते ३०० च्या मधला कुठलाही आकडा घरच्या केकला पुरतोय, त्याच्या वर आकड्याला पैसे देऊ नका. डब्यावर कॉपर मोटर असं लिहिलेलं असेल आणि ते खरं असेल तर त्याला मात्र अर्थ आहे, ॲल्युमिनियमच्या तारेचा विरोध तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीच्या वर असतोय, म्हणजे तेवढ्याच करंटला जास्त ताप.

अजून एक, चटणीच्या मिक्सरच्या बुडाला लाल बटण असतंय, ओव्हरलोडचं, जास्त झालं की ते बाहेर येतंय, दाबलं की परत चालू. हे सगळ्यांना माहीत असतंय म्हणून हॅन्ड मिक्सरमध्ये पण तसंच असणार असं लोक धरून चालतात. बऱ्याच मॉडेलमध्ये ते नसतंय. काहींमध्ये वाइंडिंगला थर्मल फ्यूज चिकटवलेला असतोय, तो एकदाच उडतोय, उडला की मशीन गप्प, आणि तो बदलायला पूर्ण उघडावं लागतंय. तापल्यावर आपणहून बंद होऊन निवल्यावर परत चालू होणारं मॉडेल मिळत असेल तर दोनशे-चारशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही. गिफ्ट देताना तर नक्कीच, कारण वापरणारं माणूस शिकाऊ असणार हे धरूनच चालायचं.

आता आपल्या घरात ह्याच्यात काय काय जाणार ते बघू, कारण कुणाला देताय त्यावर सगळं आहे. केकवरचं व्हिपिंग क्रीम हे ह्या मशीनला सगळ्यात हलकं काम, पण ते पॅकेट फ्रीजरमधनं काढून अर्धवट बर्फ असतानाच बीटर घालतात, तिथं घोटाळा. क्रीम गार पाहिजे पण खडा नको, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आदल्या रात्री ठेवायचं. बटरचं उलटं, फ्रीजमधलं दगड बटर फेटायला घेतलं की मोटर लगेच रडती, बोट दाबलं तर खड्डा पडेल इतकं मऊ झाल्यावरच घ्यायचं. बेस तयार करून फ्रीजरमध्ये गोठवून परत फेटायचं ते घरगुती आइस्क्रीम, ह्याच्यात पण तेच, सुरीनं तुकडे करून दहा मिनिटं बाहेर ठेवून मग फेटा. साईचं लोणी फार झकास निघतंय, पण ज्या क्षणी लोणी सुटायला लागतंय तिथं पाणी उडतंय, तिथं स्पीड उतरवायचा आणि उंच पातेलं घ्यायचं. मेदूवड्याचं वाटलेलं पीठ फेसायला पण छान, हातानं फेसताना खांदा भरून येतोय तो वाचतोय. श्रीखंडाचा चक्का जरा जड, आधी साखर मिसळून तासभर ठेवली की साखर विरघळून चक्का सैल होतोय, मग थोडा थोडा करून फेटायचा, पाच माणसांचं श्रीखंड एकदम घ्यायचं नाही. आणि कुंदा, म्हणजे आमच्याकडची दूध आटवून करायची मिठाई, कोणी ह्याच्यात हलवायला जाऊ नका, मी थट्टा करत नाही, एकांनं विचारलं होतं, गरम कढईवर हे मशीन धरलं की वाफ सगळी वर पोटात जाती.

कणीक हा वेगळा विषय. डब्यात दोन वळणदार हुक दिलेले असतात, कणीक मळायचे, आणि ते बघून सासूबाई म्हणतात आता चपातीचं पीठ पण ह्याच्यातच मळ गे. नका मळू. ते हुक पाव-बनच्या सैल, चिकट पिठासाठी असतात, ते पण थोड्या, आणि किती पीठ चालेल ते पुस्तकात लिहिलेलं असतंय. चपातीची घट्ट कणीक ही गिअरचे दाते तोडायची सगळ्यात खात्रीची पद्धत. नुसते फेटायचे बीटर असलेलं साधं मॉडेल घेतलं तरी गिफ्ट कमी पडत नाही, उलट मोह कमी.

घरातनं केकच्या ऑर्डरी घेणारी कोणी असेल, नाताळात कॅम्पातनं, टिळकवाडीतनं दिवसाला चार-पाच केक जात असतील, तर तिला हॅन्ड मिक्सर देऊच नका, कितीही भारी असला तरी. हे मशीन मधे मधे विश्रांती घेत चालायला बनवलेलं आहे, तिला विश्रांतीला वेळ नसतोय. भावंडांनी मिळून पैसे घाला आणि स्वतःच्या बुडावर उभा राहणारा, भांड्यासकटचा स्टँड मिक्सर द्या. उलट जी वर्षातनं चार वाढदिवसांना केक करती तिला स्टँड मिक्सर दिला तर तो ओट्याची जागा अडवून बसणार, तिला हॅन्ड मिक्सरच बरोबर.

खेड्यात देणार असाल तर व्होल्टेजचं बघायला लागतंय. हेस्कॉमची, म्हणजे आमच्याकडच्या वीज कंपनीची लाइन शहरात बऱ्यापैकी असती, पण चिकोडी, निपाणी, खानापूर भागात लाइनीच्या शेवटाला असलेल्या घरांत, शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली येतंय, बल्ब पिवळा पडतोय तेवढ्यात कळतंय. आता युनिव्हर्सल मोटर कमी व्होल्टेजला लगेच जळत नाही, पंपाच्या इंडक्शन मोटरीसारखी ती हट्ट करत नाही, ती फक्त मंदावती. तेवढंच काम करायला करंट साधारण तेवढाच लागतोय, पण पंखा हळू आणि वेळ जास्त, म्हणून शेवटी तापती. उपाय स्टॅबिलायझर नाही, उपाय वेळ, पंप बंद असताना फेटा. घरातला इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हवाला, म्हणजे लाइनीसारखी गुळगुळीत वीज न देणारा असेल तर त्याच्यावर शक्यतो चालवू नका, मोटरचा आवाज बदलतोय, आणि इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलचं मशीन असेल तर स्पीड वेडंवाकडं वागतोय.

बीटर कशाचे आहेत ते बघा. स्टेनलेस स्टील वेगळं आणि लोखंडावर क्रोम चढवलेलं वेगळं, दुकानात दोन्ही सारखंच चकाकतंय. जोडाच्या जागी, वेल्डिंगपाशी नख फिरवा, क्रोमवाल्यावर तिथं खरखर लागती, आणि पुढं पापुद्रा पण तिथनंच सुटतोय, आणि तो पापुद्रा केकमध्ये जाणार. चुंबक लावून काही कळत नाही, काही स्टेनलेसला पण चुंबक चिकटतंय, त्यामुळं डब्यावर स्टेनलेस स्टील असं स्पष्ट लिहिलंय काय ते वाचा. खानापूरच्या पलीकडं, जांबोटी-कणकुंबीकडं देणार असाल तर ह्या बाबतीत काटकसर नको, तिकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या चमच्यांना पण गंज चढतोय.

वायर मुठीतनं जिथं बाहेर येती तिथं रबराची लवचीक मान पाहिजे, लांब आणि मऊ. आपल्याकडं काम झालं की वायर मशीनलाच करकचून गुंडाळून ठेवायची सवय, आणि तुटती ती बरोबर त्या मानेपाशीच. वायर निदान सव्वा मीटर तरी पाहिजे, कारण आपल्या स्वयंपाकघरात प्लग कुठं असतोय आणि ओटा कुठं हे सांगायला नको. पिन दोनच असतील तर घाबरू नका, मागच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण शोधा, त्याचा अर्थ आत दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंगची गरज नाही. हवेची भोकं कुठं आहेत बघा, बुडाला बीटरच्या अगदी जवळ असतील तर मैद्याची धूळ आत ओढली जाणार आणि ग्रीसमध्ये बसून त्याचा लगदा होणार, बाजूला किंवा मागं असलेली बरी.

वजन साधारण किलोभर असतंय. हातात धरून मिनिटभर तसंच उभं राहा, लोक हसले तर हसू देत, कारण वापरणाऱ्याचा मनगट त्याच्याहून जास्त वेळ ते धरणार आहे. घेणारी वयस्कर असेल तर थोडं हलकं घ्या, भले जोर जरा कमी असू दे. आणि मशीन मागच्या टाचेवर नीट उभं राहतंय काय बघा, मधे अंडं फोडायला ठेवलं आणि आडवं झालं तर सगळा ओटा क्रीमचा.

आता दुकानात. खडेबाजार, गणपत गल्ली, किर्लोस्कर रोड, कुठंही जा, मशीन चालू करून दाखवा म्हणायचं, गिफ्ट आहे म्हणून सील फोडायचं नाही हा हट्ट सोडा. बीटर बसवा, टक असा आवाज येऊन बसले पाहिजेत, मग बोटानं हलवा, अगदी थोडं हलणं चालतंय, लटलट हललं तर ठेवून द्या. वरच्या स्पीडला अर्धा मिनिट चालवा. थोडा वास येणार, नव्या वाइंडिंगचं वार्निश तापतंय आणि कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे, घासून जागा घेतायत, ते ठीक, धूर नको. भोकातनं आत बघितलं तर बारीक निळी ठिणगी दिसेल, ती पण ठीक, कार्बन ब्रशची मोटर आहे म्हटल्यावर ठिणगी असणारच, पण केशरी रंगाचं गोल कडं पेटल्यासारखं दिसलं तर दुसरं काढायला सांगा. मग स्पीड एक-एक करत उतरवा. पाच स्पीड लिहिलेत आणि तिसरा-चौथा सारखाच वाटतोय असं बऱ्याच स्वस्त मशीनचं असतंय. खरं महत्त्व सगळ्यात खालच्या स्पीडला, तो जितका हळू आणि शांत तितकं मैदा मिसळायला बरं. पहिलाच स्पीड भस्सकन सुरू होत असेल तर घरभर पीठ. आयएसआय मार्क असेल तर त्याच्याजवळचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा नंबर फोनवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तिथल्या तिथं तपासता येतोय.

परदेशातनं आणलेल्या मशीनबद्दल पण सांगून टाकतो कारण हे दरवर्षी येतंय. दुबईकडनं आणलेला चालतोय, तिथं पण २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच, फक्त प्लग चौकोनी पिनांचा, तो बदलला की झालं. अमेरिकेतनं आणलेला चालत नाही, तिथं १२० व्होल्ट. पिनचा अडॅप्टर नुसता आकार बदलतोय, व्होल्टेज बदलत नाही, आणि १२० च्या मोटरला २३० दिलं की ती किंचाळून काही सेकंदात संपती. मागच्या पट्टीवर २२०-२४० लिहिलंय काय तेवढं वाचा, नसेल तर प्लगच लावू नका.

दुरुस्तीचं खरं सांगायचं तर माझ्या धंद्याच्या विरोधात जातंय, पण हजार-दीड हजाराच्या हॅन्ड मिक्सरचा आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा, तार गुंडाळलेला भाग, जळला तर तो भरून घेण्यात अर्थ नाही, मजुरी आणि नवीन मशीन ह्यात फारसं अंतर राहत नाही. गिअर, कार्बन, वायर, स्विच एवढं बदलून मिळतंय, ते पण सुटा भाग मिळत असेल तर. म्हणून घेण्याआधी एक फोन करायचा, कंपनीचं सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे, की मशीन घेऊन हुबळीला नाहीतर कोल्हापूरला जायला लागणार? आणि नवरी लग्न होऊन पुण्याला जाणार असेल तर पुण्याचं विचारा, इथलं विचारून काय उपयोग.

वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होती, गिफ्ट दिल्याच्या तारखेपासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये घेऊन मे महिन्याच्या लग्नात दिलं तर सहा-सात महिने कपाटातच गेले. शिवाय आहेरातल्या वस्तू लगेच कोणी उघडत नाही, वर्षभरानं उघडतात तेव्हा कळतंय की पहिल्या दिवसापासूनच बंद होतं. नवरीला सांगा की घरी गेल्या गेल्या एकदा चालू करून बघ म्हणून.

बिल दुसऱ्याच्या नावावर आहे म्हणून गिफ्ट मिळालेल्याला काही हक्क नाही असं दुकानदार म्हणाला तर ऐकून घेऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणारा माणूस पण ग्राहकच धरला जातोय. आणि तक्रार जिथं खरेदी केली तिथंच करायला पाहिजे असं पण राहिलेलं नाही, कोल्हापुरात घेतलेल्या किंवा ऑनलाइन मागवलेल्या मशीनची तक्रार बेळगावात राहणाऱ्याला इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येती. त्याच्याआधी १९१५ ह्या हेल्पलाइनला फोन करून बघा. पण ह्या सगळ्याला बिल लागतंय, आणि किंमत दिसू नये म्हणून लोक नेमकं बिलच काढून ठेवतात. वॉरंटी कार्डावर शिक्का-तारीख घेतल्याशिवाय गिफ्ट पॅकिंगला देऊ नका, बिल पाकिटात घालून डब्यातच ठेवा, आणि त्याचा एक फोटो आपल्या फोनमध्ये पण असू दे, कारण त्या गुळगुळीत कागदावरची छपाई वॉरंटी संपायच्या आधीच उडून जाती.